इंगोले बाईंच्या चष्म्याची काडी

मे महिन्यात अकोल्याला कुणी हौसेनं जात नाही. मी गेले, आणि तेही हट्ट करून. "थंडीत जा ना, हुरडा खाऊन ये," असं मिलिंद म्हणाला. मिलिंद हा आमच्या पुण्यातल्या छोट्याशा कंपनीचा मालक, आणि विजेच्या भागाचा सगळा कारभारही त्याच्याचकडे. मी म्हटलं, हुरडा मला पुण्यातही मिळतो, मला ऊन पाहिजे.

आधी सांगते, आम्ही करतो काय ते. आम्ही चष्मा बनवतो. नाकावर जिथे तो टेकतो त्याच्या वर हरभऱ्याच्या डाळीएवढा कॅमेरा, आणि समोर जे काही छापलेलं असेल ते हा चष्मा हळूच कानात मराठीतून वाचून दाखवतो. दुकानाची पाटी, औषधाची पट्टी, लग्नाची पत्रिका. नजर अधू झालेल्यांसाठी आहे तो. त्यात माझं काम सगळ्यात नावडतं. बॅटरी पेटणार नाही, कातडीला चटका बसणार नाही, रेडिओलहरी हद्दीत राहतील, हे तपासायचं आणि सरकारी मान्यतेचे कागद मिळवायचे. सगळ्या कंपन्यांत या कामाच्या बाईला शेवटी बोलावतात. वस्तू तयार, खोका तयार, जाहिरात तयार, आणि मग "मंजिरीताई, जरा शिक्का मिळवून द्या." वरातीमागून घोडं.

आधीच्या नोकरीत असंच झालं होतं. कानाला लावायचं एक यंत्र होतं. साचे कापून झाले, आणि मग माझ्याकडे आलं. तपासणीत ते कानाशी तापायला लागलं. साचा म्हणजे पोलादाचा ठोकळा, एकदा कापला की कापला. ते यंत्र कधीच बाजारात आलं नाही, आणि त्यावर तीन वर्षं राबलेली माणसं उघड्यावर पडली. म्हणून मिलिंदकडे रुजू होतानाच मी अट घातली की पहिल्या रेषेपासून मी टेबलाशी बसणार, आणि माझा होकार आल्याशिवाय साच्याचं पोलाद मशीनवर चढणार नाही. त्यानं अट मान्य केली. नंतर पस्तावला असेल, पण शब्दाला जागला.

तर आता तो दिवस आला होता. येत्या सोमवारी साचेवाला पोलाद चढवणार होता, आणि शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मी हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही म्हटलं तर आमची पाळी गेली, पुन्हा केव्हा लागेल देव जाणे. हो म्हणण्याआधी मला हा चष्मा खऱ्या माणसाच्या नाकावर, खऱ्या उन्हात पाहायचा होता. बरोबर तेजस होता. चष्म्याचा आकार त्याचाच, सगळ्या घड्या-कोपऱ्यांसकट. एकोणतिशीचा, हुशार, आणि टीका झाली की ओठ मिटून घेणारा मुलगा. पेटीत नमुन्याचे तीन चष्मे, आणि माझ्या पर्समध्ये तापमान मोजायचं यंत्र.

अमरावती, गुरुवार

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते, आणि फलाटावरचा वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर आला. तेजस काळा टी-शर्ट घालून आला होता. रिक्षावाल्यानं त्याला आरशातून दोनदा पाहिलं आणि शेवटी राहवलं नाही म्हणून विचारलं, "भाऊ, कोणाचा निषेध करून राहिले का?"

आम्ही ज्यांच्याकडे निघालो होतो त्या इंगोले बाई. निवृत्त शिक्षिका, वय बहात्तर. पहिली नेमणूक नांदगाव खंडेश्वरला, मग तालुकाभर फिरून अमरावतीत स्थायिक. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होऊन मधलं सगळं दिसेनासं झालंय, कडेकडेचं दिसतं. म्हणजे दारात माणूस उभा आहे हे कळतं, कोण आहे ते कळत नाही. आमच्या जाहिरातीला उत्तर म्हणून त्यांनी मुलाकडून पत्र लिहवून घेतलं होतं, आणि त्यात चार चुका राहिल्या म्हणून खाली सही करताना त्याची माफीही मागितली होती.

घरात खिडकीला कूलर, कूलरला वाळ्याची जाळी, आणि साऱ्या खोलीत ओल्या वाळ्याचा वास. पुण्यात आपण पाहुण्याला "पाणी घेणार का?" असं विचारतो. इथे विचारत नाहीत. गुळाचा खडा आणि तांब्या पुढे येतो, पाठोपाठ पन्हं येतं, आणि तुम्ही नको म्हटलंत तर ते तुमच्या बोलण्याकडे लक्षच देत नाहीत. दुपारी ज्वारीची भाकरी, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि ठेचा. तेजसनं ठेचा चटणीसारखा घेतला. मग बराच वेळ तो कूलरसमोर तोंड उघडं टाकून बसला होता.

"मी वर्गात चाळीस वर्षं शुद्ध बोलली," बाई म्हणाल्या. "आता पेन्शनीत कायले बोलू? तुमच्या चष्म्याले वऱ्हाडी समजते का नाई?"

"तो फक्त वाचतो बाई, ऐकत नाही."

"मग आमच्या पोरासारखाच हाय."

चष्मा त्यांनी घातला आणि पहिलं काय वाचलं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरावरची मंगल कार्यालयाची जाहिरात. उठल्या, फडताळाशी गेल्या, औषधाच्या डब्यातली एकेक पट्टी उचलून समोर धरत गेल्या. सातव्या पट्टीवर थांबल्या आणि सुनेला हाक मारली. "ही मुदत संपलेली हाय. तीन महिने मले खाऊ घालून राहिली तू." सून बिचारी लाजून गेली. मला मात्र फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी त्यांचं म्हणणं सांगितलं. त्यांची धाकटी बहीण अकोल्यात असते. पूर्वी मनात आलं की बाई पिशवी उचलून एसटीत बसायच्या. चार वर्षं झाली, एकटीनं जाणं बंद झालं. मुलगा सोबत येतो, पण त्याच्या सवडीनं, आणि दोन तासांत घड्याळ पाहायला लागतो. "बोर्ड वाचता आला पायजे मले," त्या म्हणाल्या. "कोणाले 'बाबू, ही कोणती बस हाय' विचारायचं नाई. बस. बाकी तुमी त्यात काय काय घातलं थे तुमच्यापाशी ठेवा."

शुक्रवार, बाजारात

सकाळी दहा वाजता भाजीबाजारात गेलो. उन्हात निघताना अमरावतीची सगळी माणसं एक काम करतात ते मला पुण्यात बसून सुचलं नव्हतं. ती डोक्याला आणि कानांना दुपट्टा गुंडाळतात. बायका, पुरुष, रिक्षावाले, कॉलेजच्या मुली, सगळे. बाईंनीही चष्मा घातला आणि त्यावरून सुती दुपट्टा असा घट्ट आवळला की फक्त डोळे उघडे. मी पर्समधलं यंत्र काढून त्याची तार कानामागे सरकवली. आमच्या कागदांत हवा नेहमी मोकळी असते. दुपट्ट्याच्या आत हवा कसली, घामच. तरी अर्ध्या तासानं आकडा हद्दीच्या आत राहिला, जेमतेम, पण राहिला. तेजसनं माझ्याकडे "बघितलंत?" असं पाहिलं. त्याला हक्क होता.

भानगड दुसरीच निघाली. चष्म्याच्या काडीचं जे टोक कानामागे जातं, तिथे आम्ही बॅटरी ठेवली होती. वजन मागे गेलं की नाकावर भार येत नाही, ही तेजसची युक्ती, आणि ती चांगलीच होती. पण त्यामुळे टोक जाड आणि सरळ. दुपट्टा आवळला की ते टोक वर उचललं जायचं, घाम आला की चष्मा नाकावरून खाली यायचा, आणि कॅमेरा खाली पाहायला लागायचा. बाई मान वर करून दुकानाची पाटी शोधताहेत आणि चष्मा पुढच्या बाईच्या हातातल्या पिशवीवरचं "शुभविवाह" वाचतोय, पुन्हा पुन्हा, फार आनंदानं.

"रबराची टोपी देऊ टोकाला," तेजस म्हणाला.

"घामानं निसटते रबर," बाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं. उद्या अकोल्याले तं जाऊनच राहिलो आपण. रफीकभाईकडे शेकून घेऊ."

मी हे ऐकलं. स्पष्ट ऐकलं, आणि तरी सोडून दिलं. वाटलं, इकडची काहीतरी बोलायची रीत असेल. शिवाय समोर गिला वडा आला होता. इथला वडा दह्यात नव्हे, आंबटतिखट पातळ चटणीत बुडून येतो, वरून पुन्हा चटणी. दोन प्लेटी खाल्ल्या आणि मोठ्या समाधानानं खोलीवर येऊन झोपले.

शनिवार, एसटीनं अकोला

गाडी ठरवायची म्हटलं तर बाईंनी हाणून पाडलं. "मले बशीत बसून पाहायचं हाय." मग लाल एसटीच्या खिडकीत बाई, शेजारी मी, मागे तेजस. तो आता पांढऱ्या सदऱ्यात होता, आणि गळ्यात बाईंनीच दिलेला दुपट्टा. दोन्ही बाजूंना नांगरून उघडी टाकलेली काळी जमीन, भेगाळलेली, आणि मधेच एखादं कडुलिंबाचं झाड, तेवढंच हिरवं. मला वाटलं होतं मे महिन्यात हा प्रदेश भकास दिसेल. भकास नाही, तो पावसाची वाट पाहत पडलेला दिसतो.

बाई एका हातानं चष्मा नाकावर धरून पाट्या ऐकत होत्या. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा त्यांनी शकुंतलेची आठवण काढली. अरुंद रुळांची ती छोटी गाडी. त्यांचं सासर त्या वाटेवर होतं. गाडी इतकी सावकाश जायची की नवरा मधेच उतरून शेतातली बोरं तोडून आणायचा आणि पळत येऊन पुन्हा चढायचा. "लग्नाच्या आधी मले वाटलं होतं माणूस मुका हाय," त्या म्हणाल्या. "त्या गाडीत बोलाले लागला." एवढं बोलून पुन्हा पाट्यांकडे वळल्या. एका हातानं पिशवी, दुसऱ्या हातानं चष्मा. अकोल्याला उतरताना दांडी धरायला तिसरा हात नव्हता, आणि पायरीवर त्या अडखळल्या. कंडक्टरनं दंड धरला म्हणून बरं. बाईंचा चेहरा पडला, नि माझाही.

दुपारी बहिणीकडे जेवण झालं. आंब्याचा रस, पोळी, कुरडया, आणि आग्रह असा की मी शेवटी ताटावर हात आडवा धरला तर हातावर रस वाढला. चारच्या सुमारास बाई आम्हाला त्यांच्या रफीकभाईंच्या, म्हणजे सगळे ज्यांना चाचा म्हणतात त्यांच्या, दुकानात घेऊन गेल्या.

बाजारातल्या गल्लीत, एका कापडवाल्याच्या बाजूला हे चष्म्यांचं दुकान. चाचा सत्तरीच्या पलीकडचे, पांढरी टोपी, अंगात बनियन आणि वर पांढरा झब्बा. बाईंचा पहिला चष्मा चाचांच्या वडलांनी बसवला होता, नंतरचे सगळे यांनी. कोपऱ्यात माठ, माठाखाली ओल्या रेतीचं आळं. काउंटरवर विजेच्या शेगडीवर एक छोटी लोखंडी कढई, आणि तिच्यात बारीक रेती. मी ती कढई पाहिली. पाहून मला वाटलं, म्हातारा शेंगदाणे भाजून खात असेल.

तेजस उसाचा रस आणायला गेला. तेवढ्यात मिलिंदचा फोन आला. दुकानात रेंज येत नव्हती म्हणून मी पायरीवर उभी राहिले. "मंजिरी, काय ते सांग बाई. साचेवाला सारखा विचारतोय."

मी मनाशी हिशेब मांडला. तापमान हद्दीत. चष्मा घसरतो, पण त्यावर काहीतरी करता येईल, टोकाला रबर द्यायचं तर त्याचा साचा वेगळा, तो मागाहूनही कापता येईल. इतक्या गोष्टी बरोबर आल्या होत्या की मला हो म्हणावंसं वाटत होतं. खरं सांगायचं तर मला एकदा तरी वेळेत हो म्हणणारी बाई व्हायचं होतं. मी तोंड उघडलं आणि सहज मागे वळले. काचेच्या दारातून दिसलं, बाई स्टुलावर बसल्यात, आणि चाचांनी आमच्या चष्म्याच्या काडीचं टोक कढईतल्या तापलेल्या रेतीत खुपसलंय. बाई म्हणताहेत, "थोडी अजून शेका, जाड हाय थे."

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. चाचांनी दचकून काडी बाहेर ओढली. टोक फुगून चिंचोक्यासारखं झालं होतं. "फेका, बाहेर फेका!" मी ओरडले. त्यांनी दारातून चष्मा भिरकावला. तो रस्त्याच्या मधोमध पडला, फुस्स करून धूर सोडायला लागला, आणि मग त्यातून जाळ आला. एक सायकलवाला सायकल टाकून पळाला. मी नुसती उभी. चाचांनी मात्र माठ उचलून बाजूला ठेवला, खालची ओली रेती दोन्ही हातांनी घमेल्यात भरली, शांतपणे बाहेर आले आणि ती सगळी त्यावर ओतली. वर अजून एक घमेलं. मग कमरेवर हात ठेवून त्या ढिगाकडे पाहत राहिले.

"चाचा, त्यात बॅटरी होती," मी म्हटलं. मला भयंकर राग आला होता. "विचारायचं तरी मला."

"काय विचारायचं बेटा?" ते म्हणाले. त्यांचा अंगठा लाल झाला होता, तो त्यांनी झब्ब्यात लपवला. "चष्मा दुकानात आला की काडी शेकायची, कानाच्या मागं वाकवायची, मग गिऱ्हाईकाले द्यायचा. अब्बांनी हेच शिकवलं. अकोल्यात, अमरावतीत, कुठंबी जा. तुमच्या पुण्यात काय करतात?"

पुण्यातही तेच करतात. रेतीऐवजी गरम हवेचं यंत्र असतं, एवढाच फरक. आणि तिथे त्या पायरीवर माझ्या लक्षात आलं की आमच्या अख्ख्या कंपनीत कानावर चष्मा बसवून घेतलेलं एकही माणूस नाही. तेजसनं लेझर करून घेतलंय, मिलिंद लेन्स घालतो, आणि माझा वाचायचा चष्मा औषधाच्या दुकानातून उचललेला, साखळीला लटकवलेला. चष्मा बनवायला निघालो होतो, आणि चष्मेवाल्यासमोर गेल्या कित्येक वर्षांत कुणी बसलंच नव्हतं. लाज वाटली हो. माझ्या फायलीत दोनशेवर ओळी होत्या. पाण्यात पडला तर, उशीखाली राहिला तर, पोरानं चावला तर. चष्मेवाल्यानं शेकला तर, ही ओळ नव्हती.

तेजस रसाचे चार ग्लास घेऊन आला. रस्त्यातला ढीग पाहिला, आमची तोंडं पाहिली, आणि त्याला काही सांगावं लागलं नाही. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "पुस्तिकेत ठळक लिहू. गरम करू नये. लाल अक्षरात."

बाई आतून म्हणाल्या, "बाबू, मले वाचता येत नाई म्हणून तं तुमचा चष्मा घेऊन राहिली. आन् थो घालाच्या आधी तुमची पुस्तिका वाचू म्हणता?"

फोन अजून चालूच होता. मिलिंद हॅलो हॅलो करत होता. मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "मिलिंद, नाही." आणि सगळं सांगितलं. मला वाटलं आता तो ओरडणार, आणि ओरडला असता तर मला बरंच वाटलं असतं. तो म्हणाला, "कुणाला लागलं नाही ना?"

मग आम्ही चाचांच्या काउंटरवरच बसलो. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. तेजस, मी, चाचा, आणि दाराशी ठेवलेल्या फोनच्या स्पीकरवर मिलिंद. एरवी आमच्याकडे तेजस चित्र काढतो, मिलिंदकडे पाठवतो, मिलिंद माझ्याकडे, आणि एकेका "नाही"ला आठवडा जातो. इथे चौघंही एकाच चष्म्याला चिकटलेले. तेजस म्हणाला, बॅटरी पुढे आणू, काडीच्या सरळ भागात, भिंगाजवळ. चाचांनी दुसरा नमुना हातात तोलून डोकं हलवलं. "पुढं वजन आलं की नाकावर येईल. नाकापेक्षा मोती जड."

"एका मोठ्या सेलऐवजी दोन छोटे?" मिलिंद फोनवरून म्हणाला. "दोन्ही काड्यांत एकेक, कानाच्या अलीकडे. त्याच कारखान्याचे छोटे सेल आहेत."

"त्यांचे कागद आहेत माझ्याकडे," मी म्हटलं. "प्रयोगशाळेत अजून काहीच गेलेलं नाही. मला फक्त फाइल बदलायची. दोन दिवस."

"आणि टोक?" तेजसनं विचारलं. तो चाचांकडे पाहत होता, माझ्याकडे नाही.

चाचांनी खणातून साध्या चष्म्याचं एक टोक काढलं. प्लास्टिक, आत पातळ तार. "हे लावा. याच्यात काही नका ठेवू. हे आमचं राहू द्या. शेकू, वाकवू, तुमच्या मशीनले धक्का नाई."

तेजसनं ते टोक घेतलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचे मिटलेले ओठ सुटले. "म्हणजे पुढचा भाग तसाच राहतोय," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मिलिंद, सोमवारी पुढच्या भागाचं पोलाद कापायला घेऊ दे. काड्यांचं चित्र मी गुरुवारपर्यंत देतो. पाळी जायला नको." मिलिंदनं लगेच विचारून घेतलं; साचेवाला याला तयार झाला, माझ्या पक्क्या होकारासाठी रविवारपर्यंत थांबायलाही. साडेपाच वाजले होते. चाचांनी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि अंगठ्याला बाईंच्या बहिणीकडून आणलेलं तूप लावलं. मी माफी मागितली. "गल्ती माहीबी हाय," ते म्हणाले, "पण अर्धीच." मला ते मान्य होतं.

रविवार

सकाळी दुकान आमच्यासाठी उघडलं. तिसऱ्या नमुन्याच्या काड्या तेजसनं बॅटरी काढून कापल्या, त्यात सेलच्या वजनाइतका शिशाचा तुकडा बसवला, आणि मागे चाचांचं टोक जोडलं. आता त्याला वाचता येत नव्हतं, नुसतं वजन तपासायला. शिशाशेजारी मी यंत्राची तार चिकटवली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी टोक रेतीत घातलं, नेहमीइतकाच वेळ ठेवलं, उलट थोडं जास्तच, कारण मीच सांगितलं. बाहेर काढून बाईंच्या कानामागे अंगठ्यानं वळण दिलं. उजवा कान डाव्यापेक्षा खाली आहे म्हणाले, तिकडे वेगळं वळण दिलं. शिशाजवळचा आकडा दुकानातल्या हवेपेक्षा दोन अंशांनी वर होता, बस.

बाईंनी दुपट्टा आवळला. वाकल्या, पिशवी उचलली, मान वर केली, खाली केली. चष्मा जागचा हलला नाही. मग त्यांनी दोन्ही हात मोकळे समोर धरले आणि बघत राहिल्या. मी पायरीवर जाऊन मिलिंदला फोन केला आणि म्हटलं, "हो."

निघताना बाईंनी जे मागितलं ते अवघड होतं. पेटीत अजून एक चालू चष्मा उरला होता, जुन्या घडणीचा. तो ठेवून जा, मी नाई शेकणार, शपथ, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. वाईट वाटलं मला, खूप वाईट वाटलं. रेल्वेत तेजसनं विचारलं, एक दिला असता तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, काहीच नाही, बहुतेक. आणि त्या "बहुतेक"साठीच मला ठेवलंय.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय पाहिलंस वऱ्हाडात? मी म्हटलं, कढई. ऊन, ठेचा, एसटी, हातावर वाढलेला रस, हेही सांगितलं, पण नंतर. काड्यांचा साचा पाच दिवस उशिरा कापला गेला. कागद पहिल्या फेरीतच मंजूर झाले, असं माझ्या नोकरीत प्रथमच घडलं. दिवाळीच्या आधी पहिली पेटी तयार झाली, आणि त्यातला पहिला चष्मा मी अमरावतीला नाही, अकोल्याला चाचांच्या दुकानात पाठवला, बाईंच्या कानाला शेकून बसवायला.

चार दिवसांनी सकाळी अकराला फोन वाजला. मागे इंजिनाची घरघर आणि खिडक्यांचा खडखडाट.

"मंजिरी, बशीत आहो मी. अमरावतीले चालली."

"मुलगा आहे ना सोबत?"

"त्याले मोटरसायकलनं पुढं पाठवून देलं. एकटी आहो. बोरगाव आलं आता. कोणी सांगतलं नाई मले. मीच वाचलं."

काहीतरी विचारावं म्हणून मी विचारलं, चष्मा टोचत तर नाही ना, कानामागे गरम तर लागत नाही.

"नाई टोचत," बाई म्हणाल्या. "ठेव आता फोन. तू बोलून राहिली तं माहा पुढचा बोर्ड चुकते."